आज तारीख काय?

हरएक घरात एक वस्तू अशी असते, की जी दर दिवाळीला टाकून द्यायचे ठरते आणि दर दिवाळीला राहून जाते. कोणाकडे तो मोडका पाळणा असतो, कोणाकडे आजोबांची पत्र्याची ट्रंक, तर कोणाकडे लंबक हरवलेले घड्याळ. आमच्या घरी ती वस्तू म्हणजे दादाचा संगणक.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. १९९९ साली त्याने कराडात डी.टी.पी.चे दुकान काढले, आणि पतपेढीचे कर्ज घेऊन हा संगणक आणला. विंडोज ९८, बत्तीस एमबीची मेमरी, सव्वाचार जीबीची हार्ड डिस्क, आणि कोनाड्यात मावणार नाही असा मागे फुगलेला चौदा इंची मॉनिटर! तो घरात आला त्या दिवशी आईने त्याच्या पेटीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले होते. त्याची पुसट खूण अजून आहे. आज माझ्या खिशातल्या साध्या फोनची मेमरी त्याच्या अडीचशे पट आहे. पण त्या दिवशी शेजारपाजारची मंडळी त्याचे दर्शन घेऊन गेली होती, आणि आईने सर्वांच्या हातावर साखर ठेवली होती.

दादाने त्याच्यावर किती लग्ने लावली आणि किती मुंजी केल्या याची गणती नाही. पत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, वास्तुशांतीची आमंत्रणे, आणि काळ्या चौकटीतले कागदही. २०१२ साली दादा गेला. दुकान बंद झाले, आणि संगणक घरी माजघरात आला. वहिनींनी दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय सुरू केला तो त्याच वर्षी. दुकानात दादाच्या शेजारी बसून त्या टंकलेखन शिकल्या होत्या. चकल्या कोणाच्या, करंज्या किती, आगाऊ रक्कम कोणाची आली, हा सगळा हिशेब त्या आजतागायत त्या संगणकावर ठेवतात. आवाज करीत चालणाऱ्या त्या प्रिंटरवर, कडेला भोके असलेल्या लांबलचक कागदावर, यादी निघू लागली की आमच्या आळीत दिवाळी आली असे समजावे.

मी स्वतः चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक आणि त्यावर चित्रकलेच्या परीक्षा. चार कादंबऱ्या नावावर आहेत, एवढ्या भांडवलावर घरात शहाणा म्हणून वावरतो. गेल्या वर्षी मी नवा लॅपटॉप घेतला, आणि नव्या मुसलमानाने बांग जरा मोठ्यानेच द्यावी तसे माझे झाले. दिवाळीची झाडलोट निघाली तेव्हा मी ठराव मांडला.

"वहिनी, या वर्षी हे धूड भंगारात देऊ. तुमचा हिशेब माझ्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत बसवून देतो."

वहिनी भाजणी भाजत होत्या. उलथने न थांबवता त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्याच्यावर तुम्ही शेवटचं काम कधी केलंत?"

"दादा होता तेव्हा."

"मग ही सुट्टी तुमची सगळी कामं त्याच्यावर करून बघा. नाही जमली तर भंगारवाल्याला मी स्वतः हाक मारते."

पैज म्हटली नाही, पण होती ती पैजच.

पहिल्या दिवशी दुपारी मी मोठ्या ऐटीत बटण दाबले. आतला पंखा घरघरला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे धावली आणि एकदम थबकली. मी काही करणार इतक्यात वहिनी हात पुसत आल्या. "थांबा, आधी त्याला तारीख सांगावी लागते."

संगणकाच्या पोटात रुपयाएवढी एक बॅटरी असते. वीज बंद असली तरी तिच्या जोरावर त्याला काळवेळ कळत राहते. ती बॅटरी कधीच संपली होती. त्यामुळे रात्री बंद केला की तो सारे विसरे, आणि रोज सकाळी उठून म्हणे, आज १ जानेवारी १९८०! वहिनी इतकी वर्षे रोज न चुकता त्याला खरी तारीख सांगत होत्या.

"कंटाळा नाही येत?" मी विचारले.

"सासूबाईंना शेवटी नव्हतं का सांगावं लागत? आई, आज मंगळवार. आई, हा भाद्रपद चाललाय. तसंच हे."

मी गप्प बसलो. आईची शेवटची दोन वर्षे मला आठवली. रोज सकाळी वहिनी तिला वार सांगत, आणि ती कालचे काही नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचे सगळे सांगे.

तर माझी कामे सुरू झाली. सहामाहीचे गुण भरायचे होते. छत्तीस आणि दहा अशी सेहेचाळीस मुले. दादाच्या वेळचे तक्ते करण्याचे सॉफ्टवेअर होते, त्यात मी आकडे भरले. बेरजा झाल्या, टक्केवारी निघाली, आणि ती नव्या लॅपटॉपवर निघाली असती तितकीच बरोबर निघाली. याचे मला आश्चर्य वाटले, आणि मग आश्चर्य वाटल्याचीच लाज वाटली. बेरीज काही १९९९ साली निराळी होत नव्हती!

लेखनाचा अनुभव तर त्याहून सुखाचा. नव्या लॅपटॉपवर मी परिच्छेद लिहायला बसलो की कोपऱ्यातून काहीतरी डोकावते. कोणाचा वाढदिवस आहे, कोठे सवलत आहे, अमुक सॉफ्टवेअर नवे करून घ्या. दादाच्या संगणकाला यातले काही ठाऊकच नव्हते. समोर पांढरा कागद आणि लुकलुकणारी एक रेघ. तुमचे झाले का, एवढेच ती विचारी. जॉर्ज आर. आर. मार्टिन या प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीकाराने २०१४ साली एका मुलाखतीत सांगितले, की तो आपल्या जाडजूड कादंबऱ्या जुन्या डॉस संगणकावर, वर्डस्टार ४.० या सॉफ्टवेअरमध्ये लिहितो. इंटरनेटसाठी त्याच्याकडे दुसरा संगणक आहे. मी त्याच्या पंक्तीला बसण्याच्या लायकीचा नाही, परंतु चार दिवसांत पंचवीस पाने झाली, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

पाचव्या दिवशी माझी ऐट उतरली. गुणांचा तक्ता शाळेकडे पाठवायचा होता. तो पाठवायचा कसा? संगणक एका वायरने घरच्या इंटरनेटला जोडला, आणि त्याच्यातला तो जुना ब्राउझर उघडला. कोणतेही संकेतस्थळ मागा, उत्तर एकच: पान दाखवता येत नाही. शाळेने पाठवलेला नवा तक्ता उघडेना. पुतणीने फोनवर काढलेले चकल्यांच्या ताटाचे छायाचित्र त्यावर पाहावे म्हटले, तर ते चार एमबीचे; आणि फ्लॉपीत मावते १.४४ एमबी. एका ताटाला तीन फ्लॉप्या! बरे, कसेबसे आत नेलेच असते, तरी ते बारा मेगापिक्सेलचे चित्र पूर्ण उलगडायला छत्तीस एमबी जागा लागते, आणि या गृहस्थाची सगळी मेमरी बत्तीस. म्हणजे एक ताट चकल्या पाहण्याइतकेही त्याचे डोके मोठे नव्हते.

मी मनातल्या मनात भंगारवाल्याला हाक मारली.

वसुबारसेच्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. चित्रकलेत तो यथातथाच होता. हल्ली पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. माझी फजिती ऐकून तो हसला नाही. त्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, "सर, हा बिघडलेला नाही. याला बाहेरच्यांची भाषा येत नाही, एवढंच."

मग त्याने मला समजावले ते असे. आजची संकेतस्थळे उघड्यावर बोलत नाहीत. मधल्या कोणी ऐकू नये म्हणून ती सांकेतिक भाषेत बोलतात. आज निदान जी सांकेतिक भाषा लागते ती २००८ साली ठरली. आणि दादाचा संगणक शाळेतून बाहेर पडला तो १९९९ साली. तिच्या आधीच्या भाषा मोठ्या ब्राउझरांनी २०२० च्या सुमारास सोडूनच दिल्या. दारावर खूण विचारली जाते, याला ती ठाऊक नसते, म्हणून दार उघडत नाही. त्यात याच्या विंडोजची डागडुजी करण्याचे काम कंपनीने २००६ साली थांबवले. म्हणजे याच्या घराला आता कडीकोयंडा नाही. "म्हणून याच्यावर बँकेचं काम मात्र कधी करू नका," असे त्याने बजावले. ते मी मानले. विजेचे बिल मी फोनवरूनच भरले, आणि वहिनींना तसे कबूलही केले.

दुसऱ्या दिवशी त्याने पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक आणला. रास्पबेरी पाय असे त्याचे खाऊचे नाव! त्याला त्याने दुभाषा केले. दादाचा संगणक आपल्या जुन्या भाषेत त्याला पान मागणार. तो बाहेर जाऊन नव्या भाषेत ते आणणार, त्याचे साधे चित्र करणार आणि ते दादाच्या संगणकापुढे ठेवणार. तासाभराच्या खटपटीनंतर त्या फुगीर मॉनिटरवर त्या दिवशीचे वर्तमानपत्र उमटले. हळूहळू, वरून खाली, पडदा उतरावा तसे. वहिनी पदराला हात पुसत पाहत राहिल्या. "अगंबाई, याला आजचं कळलं!" त्या म्हणाल्या.

काम करता करता त्याने मला दूरदूरच्या हकिकती सांगितल्या. अमेरिकेत मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स म्हणून गाव आहे. तेथल्या १९ शाळांची उष्णता नि हवा सांभाळण्याचे काम १९८० च्या दशकातला एक अमिगा संगणक करीत होता. २०१५ साली त्याची बातमी झाली. त्याचे सॉफ्टवेअर त्या काळी एका शाळकरी मुलाने लिहिले होते, आणि काही अडले की मोठा झालेल्या त्या मुलालाच बोलावणे जाई. जपानसारख्या देशात सरकारी नियमांत हजाराहून अधिक ठिकाणी फ्लॉपी किंवा तसलीच जुनी साधने लागत. फ्लॉपीची ती अट तेथील सरकारने २०२४ साली मोडीत काढली. म्हणजे आमच्या माजघरातला हा म्हातारा अगदीच एकटा नव्हता. आपापले काम करीत बसलेले त्याचे सोबती जगभर होते.

आता माझ्या मनात एक हाव उत्पन्न झाली. माझी पहिली कादंबरी दादाने या संगणकावर जुळवली होती. २००३ सालची गोष्ट. दिवसा पत्रिका आणि रात्री माझी कादंबरी, असे त्याने दोन महिने केले, आणि एक पैसा घेतला नाही. ती कादंबरी छापली गेली, आवृत्ती संपली, आणि आता तिची एकच प्रत माझ्याकडे उरली आहे. ती नव्या लॅपटॉपवर घ्यावी असे मी ठरवले. शोधता शोधता सापडल्या दोन फायली. बंडू-१ आणि बंडू-२. बंडू म्हणजे मीच. दोन्ही दोन फ्लॉप्यांत सहज मावल्या. ज्या फ्लॉपीत एका ताटाचे छायाचित्र मावत नाही, तिच्यात माझी सबंध कादंबरी मावली आणि वर जागा उरली. शब्द किती थोड्या जागेत राहतात!

विद्यार्थ्याने आणलेल्या फ्लॉपी वाचण्याच्या यंत्रातून आम्ही त्या लॅपटॉपवर उघडल्या. आकडे आले होते तसेच शब्दही येतील, असे मी धरून चाललो होतो. पाहतो तो पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टिंबे, कंस आणि चित्रविचित्र खुणा यांचा नुसता पाचोळा. मराठीचे एक अक्षर नाही.

"सर, ही मराठी तेव्हा भाड्याच्या घरात राहत होती," तो म्हणाला.

झाले होते ते असे. त्या काळच्या पद्धतीत अक्षरांसाठी २५६ खोल्या असत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा इंग्रजीने आधीच घेतलेल्या. मराठी अक्षरांचे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या खोलीत मराठी अक्षराचे चित्र टांगले. संगणकाच्या वहीत नोंद इंग्रजी अक्षराची, डोळ्यांना दिसे मराठी. शिवाय प्रत्येकाने चित्रे आपापल्या मर्जीने टांगली. एकाचा 'क' दुसऱ्याचा 'ळ'. प्रिंटरच्या खोबणीत अंगठ्याएवढे कुलूप बसवले असेल तरच ते चालायचे. पुढे युनिकोड आले. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला तिचे स्वतःचे घर मिळाले, १२८ जागांचे. आता 'क' म्हणजे २३२५, मग तो कराडात लिहा नाहीतर कॅनडात वाचा. पण विंडोज ९८ ला त्या घराची वाट ठाऊक नव्हती. २००० सालानंतर ती हळूहळू सगळ्यांना ठाऊक झाली, आणि तोपर्यंत दादासारख्यांनी वर्षानुवर्षे लिहिलेले सारे भाड्याच्या घरातच राहिले.

मला धस्स झाले. पेटी भंगारात गेली असती, तर फायली वाचल्या असत्या आणि मराठी गेली असती!

"जुन्याचं नवं करणारी सॉफ्टवेअरं असतात, सर. करू आपण," तो म्हणाला, आणि मग थांबला. "पण दुसरी फाइल पहिलीपेक्षा जरा मोठी आहे. ही सुधारलेली का?"

मला ठाऊक नव्हते. आम्ही माजघरात गेलो आणि दादाच्या संगणकावरच बंडू-२ उघडली. कादंबरी तीच होती. परंतु सतराव्या पानावर, ओळीच्या मध्येच, कंसात लिहिले होते:

(बंड्या, इथे मला जांभई आली.)

मी पुढे वाचू लागलो. अशा टिपा पानोपानी होत्या. कोठे शब्द बदललेला, कोठे नुसते उद्गारचिन्ह. जिथे आईच्या मृत्यूशय्येवरचे दोन पानी भाषण होते आणि ज्याचा मला फार अभिमान होता, तेथे दादाने लिहिले होते: (आई असं बोलणार नाही. आई गप्प बसते.) आणि अगदी शेवटी: (शेवट उरकलास. पण मला आवडली. मुखपृष्ठाचे पैसे मी देणार, कोणाला सांगू नकोस.)

हे त्याने मला कधी दाखवले नाही. स्वच्छ प्रत निराळी काढून तीच छापायला दिली. पंचविशीच्या आतला, पहिल्या पुस्तकाने हुरळलेला धाकटा भाऊ. त्याचे मन मोडू नये असे वाटले असेल. आणि टिपा पुसवल्याही नसतील. मुखपृष्ठाचे पैसे प्रकाशकाने सोडून दिले, असे मी इतकी वर्षे समजत होतो.

वहिनींना मी हाक मारली. त्यांनी उभ्याउभ्याच वाचले. जांभईपाशी त्या हसल्या. आईपाशी त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "खरंच आहे. सासूबाई गप्पच बसायच्या. अनारशांचं प्रमाण विचारायला मी उशीर केला. विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, डोळ्यांना कळतं. त्याच्या आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी." आणि त्या चकल्या उलटायला निघून गेल्या.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्रीपर्यंत आम्ही ते काम केले. सॉफ्टवेअरने बरेचसे आणले, पण सगळे नाही. रफार भलत्याच अक्षरावर चढले, जोडाक्षरे सुटली. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहीत आणि नव्या पद्धतीत ती अक्षराच्या मागून नोंदतात. त्यामुळे 'दिवाळी'तली वेलांटी दर वेळी भलतीकडे जाऊन बसे. एकीकडे दादाचा संगणक आणि शेजारी लॅपटॉप असे मांडून, ओळीला ओळ लावून मी वाचत गेलो. खरे काय होते ते सांगायला तो म्हातारा चालू होता, म्हणून हे जमले. तो बंद पडल्यावर कोणाला विचारणार होतो?

तेव्हा मला जे कळले, ते एवढेच आहे. जुने यंत्र आपल्या कामाला जुने होत नाही. बेरीज ते तशीच करते, अक्षर तसेच उमटवते. ते जुने होते ते दुसऱ्याशी बोलताना. नव्याला जुन्याचे पुष्कळसे कळते. जुन्याला नव्याचे कळत नाही. म्हणून दुभाषा होण्याचे काम नव्याचेच. आणि जुन्याच्या पोटात जे आहे, ते त्याला वार सांगावा लागतो आहे तोवरच, तो उत्तर देतो आहे तोवरच, उतरवून घेतले पाहिजे. यंत्र टाकावे की ठेवावे हा प्रश्न त्यानंतरचा. मी तो आधी विचारत होतो.

पैज कोण जिंकले, असे तुम्ही विचाराल. कोणीच नाही. दादाने जुळवलेले सारे आता दोन ठिकाणी उतरवून ठेवले आहे. हार्ड डिस्क काही अमर नाही. बँक, टपाल, छायाचित्रे यांसाठी लॅपटॉप. फराळाचा हिशेब आणि माझे लेखन यांसाठी दादाचा संगणक. हा लेखही मी त्याच्यावरच लिहिला, आणि दुभाषाच्या मदतीने तुमच्यापर्यंत आणला. पहिल्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली तर तीत आई गप्प बसेल, असेही मी ठरवले आहे.

पाडव्याला मी बाजारातून ती रुपयाएवढी बॅटरी आणून बसवली. काही फार किंमत नव्हती. इतक्या वर्षांत कोणाला सुचले नाही, एवढेच. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी वहिनींनी बटण दाबले, आणि नेहमीप्रमाणे तारीख सांगायला बोटे पुढे केली. तो आधीच उठून बसला होता. कोपऱ्यात बरोबर तारीख, बरोबर वेळ.

वहिनी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग आतून काही राहू नये म्हणून असेल, त्यांनी हलकेच, पण मला ऐकू येईल अशा आवाजात, त्याला म्हटले, "आज भाऊबीज."